चार वीत सहा बोटं

माझ्या दादाचं कौतुक करायला लोक माझ्या उपाहारगृहात येतात, तेव्हा मी त्यांना चहा देते, पण मान डोलावत नाही. त्यांनी त्याला एक दिवस पाहिलेलं असतं, मी जन्मापासून पाहते आहे. तो माझा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याच्याइतका हट्टी माणूस या डोंगराने दुसरा पोसलेला नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाला लागून आमची कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. वसाहत म्हणजे सहा खोल्यांची एक बैठी, पत्र्याची रांग. तिसरी खोली दादाची, चौथी माझी. मधली भिंत इतकी पातळ की तो खोकला तर माझा कप हलतो. फाटकाच्या अलीकडे माझी चार टेबलं आणि स्टोव्ह, पलीकडे कार्यालय. कार्यालयात साहेबांचं टेबल, वायरलेसचा सेट, येणाऱ्याजाणाऱ्यांची वही आणि छपरावर भोंगा. तिथून वाट निघते ती आधी झाडीतून, मग गवताळ उतारावरून, आणि तासा-सव्वा तासाने टोकावर पोचते. टोकावरून तीन दऱ्या दिसतात, नशीब असेल तर गरुड डोळ्यांच्या पातळीवर उडताना दिसतो. त्यासाठी लोक लांबून येतात, धापा टाकत चढतात, फोटो काढतात आणि खाली येऊन माझ्याकडे गुडघ्यांची तक्रार करतात.

दादा या वाटेचा मिस्त्री. एकतीस वर्षं. पायऱ्या बसवायच्या, कठडे ठोकायचे, पाण्याचे चर मोकळे करायचे, आडवी पडलेली झाडं कापायची. एवढं करून वाट कोणाच्या लक्षात येऊ नये, असं त्याचं म्हणणं. सगळे त्याला वीतदादा म्हणतात. एक तर तो स्वतः बुटका, आणि दुसरं म्हणजे जगातली प्रत्येक गोष्ट तो हाताने मोजतो. एवढ्या वीत, एवढी बोटं. कार्यालयात एक मोजपट्टी होती, पण ती घ्यायला सही करावी लागायची आणि तिचं टोक तुटलेलं असल्यामुळे ती सुरूच सात इंचांपासून व्हायची. दादाने तिचा नाद कधीच सोडला होता. माझ्या खोलीतली फळी त्याने वितीने मोजून कापली आणि ती भिंतीत अशी बसली की मागून झुरळ जाईना. मग काय, स्वारी आठवडाभर हवेत.

त्याची मुलगी मात्र ताडमाड. आईच्या वळणावर गेली. वहिनी गेली तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. पुढचं मी आणि दादाने मिळून निभावलं, म्हणजे मी स्वयंपाक केला आणि त्याने तिला डोंगरावर नेलं. सव्विसाव्या वर्षी ती पार्कची वाटाडी झाली होती, रोज एक गट टोकावर नेऊन आणायची. मजूर तिला शिडी म्हणायचे. ती चिडायची नाही. फळीवरचा डबा मला हवा असला की मीही तिलाच हाक मारायची.

आता भेगेचं सांगते. टोकाच्या अलीकडे वाट एका उभ्या उताराला छेदून जाते. तिला आम्ही आडवी वाट म्हणतो. दोनशे पावलांचा तो टप्पा, खाली घळ, वर गवत, आणि दुसरा रस्ता नाही. गेल्या वर्षी त्या वरच्या गवतात दादाला एक भेग दिसली. उताराला आडवी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याने भेगेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन खुंट्या ठोकल्या, बरोबर चार वीत अंतरावर. जसजशी भेग उघडेल तसतसं अंतर वाढेल. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी तो वर जाऊन वीत लावायचा. पंधरा वर्षांपूर्वी पलीकडचा एक उतार त्याने असाच मोजला होता. तो अर्धी वीत उघडला आणि दोन दिवसांत सगळाच्या सगळा घळीत गेला. तेव्हापासून दादाचा नियम ठरलेला. अर्धी वीत म्हणजे सहा बोटं. चार वीत सहा बोटं भरली की आडवी वाट बंद. साहेबांनीही तो मान्य केला होता, कारण वरून यंत्र मागवलं होतं आणि ते पुढच्या वर्षी येणार होतं.

भेग तीन बोटं उघडलेली असताना दादा पडला. डोंगरावर एकतीस वर्षं पाय घसरला नाही, आणि कार्यालयाच्या पाटीला रंग देताना गुडघाभर उंचीच्या स्टुलावरून पडून मांडीचं हाड मोडून घेतलं. मी हसले होते, खरं सांगते. दहा दिवस तो शहरातल्या इस्पितळात होता आणि मुलगी त्याच्याजवळ. ते दहा दिवस पाऊस लागून राहिला होता आणि भेग कोणीच मोजली नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी ती वर गेली. दादा खिडकीशी पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. ती येताच त्याने विचारलं, किती. ती म्हणाली, चार वीत तीन बोटं. म्हणजे तेवढीच. दहा दिवसांच्या पावसात भेग रतीभर हलली नव्हती. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला, फाटक बंद झालं असतं तर माझा स्टोव्हही बंद झाला असता. दादा फक्त म्हणाला, उद्या परत बघ.

त्यानंतर तीन आठवडे रोज तीच प्रश्नोत्तरं. आधी आकडा, मग तो विचारायचा, उतारावर रानबकऱ्या आहेत का. त्या उतारावरचं गवत बकऱ्यांच्या आवडीचं, सकाळी वीसेक तरी असायच्या. पहिल्या दिवशी पोर म्हणाली, सहा-सात दिसल्या. नंतर दोन. नंतर एकही नाही. मग तो झऱ्याचं विचारायचा. आडव्या वाटेच्या तोंडाशी एक बारीक झरा आहे, लोक तिथे बाटल्या भरतात. एक दिवस ती म्हणाली, पाणी गढूळ आहे. पाऊस थांबून आठवडा झाला होता. मग एकदा म्हणाली, बसले होते तर वरून खडे आले, थोडेसेच, आणि वर कोणी नव्हतं. हे ती सहज सांगायची, बूट काढता काढता. आकडा चार वीत चार बोटं झाला होता. तीन आठवड्यांत एकच बोट.

दादाचं जेवणावरचं लक्ष उडालं. ताट समोर असायचं आणि तो खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचा, जिथून तो उतार दिसतसुद्धा नाही. बकऱ्या का गेल्या, म्हणायचा. मुलगी म्हणायची, "बाबा, आकडा बघा ना. तुम्हीच शिकवलंत, डोळ्यावर विश्वास ठेवू नये, हातावर ठेवावा." मी तिचीच री ओढली. अंथरुणावर पडल्या पडल्या डोंगर पाडू नकोस, असं त्याला म्हणाले. 

एकदा त्याने साहेबांना बोलावून घेतलं आणि म्हणाला, वाट बंद करा. साहेबांनी विचारलं, किती बोटं झाली. चार. मग साहेबांनी हात पसरले. माणूस वाईट नव्हता. सहा बोटांचा नियम दादाचाच होता, आणि दादाला स्वतःचाच नियम मोडायला कारण सांगता येईना. बकऱ्या दिसत नाहीत हे कारण कागदावर लिहिता येत नाही.

त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. डोंगर धुतल्यासारखा. सकाळीच चौदा जणांचा गट घेऊन पोर वर गेली. जाताना माझ्याकडून पोळीभाजीचा डबा घेतला आणि ओले हातमोजे दादाच्या खिडकीच्या गजावर वाळत टाकून गेली. कामाचे जाड कातडी मोजे ते. रोज खुंट्या धरून, दगड उचलून त्यांना तिच्या हाताचा आकार आलेला. अकराला ती वायरलेसवर बोलली. टोकावर पोचलो, चौदाच्या चौदा. सेट टोकावर चालतो आणि फाटकावर चालतो. मधे, आडव्या वाटेवर, डोंगराची घडी आडवी येते आणि तिथे तो मुका होतो.

साडेअकरा वाजून गेले असतील. मी दादाचं अंथरूण नीट करायला गेले होते. त्याने गजावरचा एक मोजा काढून सहज हातात घातला, लहान पोरासारखा. मग बोटांची टोकं दाबून बघितली. टोकं रिकामी होती. तो थांबला. मोजा काढून त्याने पलंगावर ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून पसरवली आणि त्यावर आपली वीत लावली. दोनदा लावली. त्याच्या वितीपुढे मोजा अर्धं बोट उरत होता.

मला काही कळेना. त्याचा चेहरा मात्र मी बघितला, आणि माझ्या हातातली उशी तशीच राहिली. तो हळू आवाजात हिशेब करत होता. एका वितीमागे अर्धं बोट. चार वितींना दोन बोटं. तिची चार आणि ही दोन.

"सहा," तो म्हणाला. "खुर्ची आण. मला सेटपाशी ने."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. खुंट्या चार वीत अंतरावर ठोकल्या होत्या, पण त्या त्याच्या चार वीत. पोर आपल्या लांब हाताने मोजत होती आणि डोंगर दोन बोटं मागे दिसत होता. पहिल्या दिवसापासून. तेवढीच आहे म्हणून आम्ही निःश्वास टाकला, तेव्हाच ती आणखी दोन बोटं उघडून बसली होती. एकतीस वर्षं त्याने सगळ्या मजुरांना हाताने मोजायला शिकवलं. कोणाचा हात, हे विचारायचं त्यालाही सुचलं नाही आणि आम्हालाही नाही. त्या वाटेवर वीत म्हणजे दादाची वीत, दुसरी असू शकते असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

मी आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला उपाहारगृहाच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. प्लास्टरचा पाय पुढे. साहेबांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा हात थेट भोंग्याच्या बटणाकडे गेला. दादाने त्यांचं मनगट धरलं.

"भोंगा नको. भोंगा ऐकला की लोक खाली पळतात. खाली यायची वाट त्याच उताराखालून आहे."

त्याने सेट हातात घेतला आणि पोरीला हाक मारली. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा तिचा आवाज आला, श्वास लागलेला, हसरा. ती सामान आवरत होती. दादाने विचारलं, गट कुठे आहे.

"पुढे गेला, बाबा. दहा मिनिटं झाली. झऱ्यापाशी थांबा म्हणून सांगितलंय. का हो?"

झऱ्यापाशी थांबा असं सांगितलेले लोक कधी थांबत नाहीत. आम्ही चौघंही ते जाणून होतो. दादाने तिला सांगितलं. फार नाही, तीन वाक्यं. तुझा हात माझ्यापेक्षा अर्धं बोट लांब आहे. चार नाहीत, सहा झालीत. आज पडू शकतो.

 रोज सकाळी ती त्या उतारावर गुडघे टेकून बसत होती, त्याच पडायला आलेल्या उतारावर. मग तिने विचारलं, आणि आवाज एकदम बारीक झाला होता, वहिनी गेली तेव्हा होता तेवढा.

"बाबा, मी काय करू?"

ती टोकावर होती. टोक खडकाचं आहे, हजार वर्षं हललेलं नाही. तिने जागचं हलायचं नाही एवढंच पुरे होतं. मी दादाचा खांदा धरला आणि म्हणाले, थांब म्हण तिला. थांब म्हण, दादा. दुसरं पोर नाही आपल्याकडे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा हात त्याने खांद्यावरून काढला, हळू, वहीवरचा किडा काढावा तसा.

"पळ," तो म्हणाला. "झऱ्याच्या आधी गाठ त्यांना. गेले असतील तर हाका मारून परत फिरव. एकालाही खाली ठेवू नकोस."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर सेट मुका झाला.

पुढचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. कार्यालयातल्या घड्याळाचा काटा मोठा होता आणि तो हलताना दिसायचा. साहेब दारात उभे राहायचे, आत यायचे, परत दारात. दादा खुर्चीत ताठ. मी त्याला त्या खोलीत काय काय बोलले ते लिहीत नाही.  बाराच्या सुमाराला झाडीतले पक्षी सगळेच्या सगळे एकदम उडाले. आवाज नंतर आला. फार मोठा नव्हता. कोणीतरी लांबवर जड कपाट ओढत नेतंय, एवढाच. पण तो थांबेना. मग डोंगराच्या घडीमागून पिवळी धूळ वर आली आणि स्वच्छ आकाशात तशीच उभी राहिली.

दादाने डोळे मिटले नाहीत. त्याने सेट उचलला आणि हाक मारली. खरखर. परत मारली. मग पाच-पाच मिनिटांनी मारत राहिला, त्याच आवाजात, तीच हाक.

साडेबाराच्या सुमाराला वाटेवरून दोन माणसं धावत आली, नवरा-बायको, गटातलेच. ही जोडी सगळ्यांच्या पुढे होती. अंगावर धूळ, बाईच्या एका पायात बूट नाही. आडवी वाट ओलांडून ती झाडीत शिरली होती, तोवर मागे सगळं कोसळलं. साहेबांनी विचारलं, बाकीचे. माहीत नाही म्हणाले. मग नवरा म्हणाला, ती उंच मुलगी मागून ओरडत होती, परत फिरा म्हणून. आम्हाला वाटलं मागच्यांना म्हणते आहे. बाईने मान हलवली. म्हणाली, "ती आमच्या मागे वाटेवर आली होती. अर्ध्यापर्यंत आली होती. मी वळून बघितलं तेव्हा तिथेच होती."

अर्ध्यापर्यंत म्हणजे भेगेच्या बरोबर खाली. मी खाली बसले. दादाने सेटवर पुढची हाक मारली.

एक वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. तिचा आवाज घोगरा, ओळखू न येण्याजोगा. तिने पहिलं हेच विचारलं, "दोघं खाली आले का? माझ्याकडे बारा आहेत. दोघांना मी गाठू शकले नाही."

"आले," दादा म्हणाला. "दोघंही आले." मग त्याने सेट साहेबांच्या हातात दिला आणि तोंडावरून हात फिरवला. मी त्याच्याजवळ गेले नाही. माझी पोर जिवंत होती आणि मला रडू फुटत होतं, पण त्या माणसाच्या खांद्यावर रडायची माझी तयारी नव्हती.

त्यांना मागच्या कड्यावरून दोर लावून उतरवायला दुसरा दिवस उजाडला. तिच्या पाठीला दगड लागला होता, तेरा टाके. आडवी वाट आता नाहीच, तिथे नुसता लाल ओरखडा आहे, आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांची नवी मोजपट्टी आली, टोकासकट. वर्तमानपत्रवाले आले, वाचलेले लोक आले. त्यांनी दादाच्या पायाशी वाकायचं तेवढं बाकी ठेवलं. तो म्हणायचा, चूक माझी होती. ते म्हणायचे, काय मोठं मन. मी चहा गाळत असायची.

महिन्याभराने, प्लास्टर निघालं त्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या खोलीत जेवत होतो.  पोर त्या दिवसापासून गप्पच असायची, आणि दादाही तिच्या तोंडाकडे बघत नसे. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला.

"बाबा, मी तेव्हा विचारलं ना, काय करू म्हणून," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, तुम्ही थांब म्हणाल. तुम्ही म्हणाला असतात तर मी थांबले असते. ते चौदा जण पुढे आहेत हे माहीत असून थांबले असते."

दादाने घास गिळला. पाणी प्यायला.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर म्हणालो नाही."

तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. त्याने नको म्हटलं नाही. मी उठले, मोरीपाशी गेले, आणि नळ मोठा सोडून उभी राहिले.